जुने इंजिन आणि नवे इंजिन : तुलना कशी करावी?

विहिरीवरील इंजिन थकले म्हणजे घरात एक वाद हमखास उभा राहतो. वडील माणसे म्हणतात, "जुन्या इंजिनाची सर नव्यास यावयाची नाही." तरुण म्हणतात, "नवे आकाराने निम्मे असून काम तेवढेच करते." दोघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश आहे. परंतु मोजमापावाचून केलेला वाद मिटत नाही, आणि अशा वादाच्या भरात केलेली खरेदी संसारास जड जाते. यास्तव निरनिराळ्या काळांतील इंजिने कशी पारखावी, याचा एक लहानसा पाठ आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

हा विषय आपल्या मुलखास परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. तेथे लोखंडी नांगर, उसाचे चरक व पुढे पंप तयार होऊ लागले. साताऱ्यास सरदार धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. नांगरांच्या जोडीस तेथून डिझेल इंजिनेही बाहेर पडली. १९३७ साली हेच गृहस्थ काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. १९४६ साली किर्लोस्करांनी इंजिनांकरिता पुण्याजवळ खडकी येथे स्वतंत्र कंपनी स्थापन केली. मोटेची जागा इंजिनाने घेतली, ती अशा उद्योगांमुळे.

आता तीन इंजिने घेऊ. पहिले, १९३० च्या सुमारास इंग्लंडात निघालेले लिस्टर कंपनीचे संथ इंजिन. याच्या नमुन्यावर आपल्या देशातही पुष्कळ इंजिने तयार झाली. याचे सिलिंडर १.४३ लिटरचे; मिनिटास ६५० फेरे; शक्ती ६ अश्वशक्ती. दुसरे, किर्लोस्करांचे एव्ही-१. सिलिंडर ०.५५ लिटरचे, मिनिटास १,५०० फेरे, शक्ती ५ अश्वशक्ती. तिसरे, त्याच घराण्यातील टीव्ही-१. यात दट्ट्याची धाव एव्ही-१ इतकीच, म्हणजे ११० मिलिमीटर. परंतु सिलिंडरचा व्यास ८० ऐवजी ८७.५ मिलिमीटर. त्यामुळे माप ०.६६ लिटर झाले, आणि तेवढ्याच फेऱ्यांत शक्ती ७ अश्वशक्ती.

प्रथमदर्शनी नव्याचा विजय उघड दिसतो. सिलिंडरच्या एका लिटरमागे लिस्टर सुमारे ४ अश्वशक्ती देते, तर एव्ही-१ सुमारे ९. परंतु येथेच घाई करू नये. ही तिन्ही इंजिने चार धावांची आहेत. म्हणजे दोन फेऱ्यांत कामाची धाव एकदाच येते. लिस्टरमध्ये अशा धावा मिनिटास ३२५, आणि इतर दोहोंत ७५०. सिलिंडरचे माप व कामाच्या धावा यांचा गुणाकार करून त्यास अश्वशक्तीने भागिले, तर एका अश्वशक्तीसाठी मिनिटास सिलिंडरचे किती लिटर माप खर्ची पडते ते कळते. लिस्टरचे उत्तर सुमारे ७८ लिटर, एव्ही-१ चे ८३, आणि टीव्ही-१ चे ७१.

यावरून काय दिसले? एव्ही-१ लहान असूनही जोरकस वाटते, ते प्रत्येक धावेत अधिक काम करते म्हणून नव्हे, तर अधिक वेळा धावते म्हणून. एकीने मोठी घागर सावकाश आणावी व दुसरीने लहान कळशीने भराभर खेपा कराव्या, तसाच हा प्रकार. टीव्ही-१ मध्ये मात्र वेग न वाढविता प्रत्येक धावेचे काम खरोखरच वाढले आहे.

वेगास त्याचे मोलही द्यावे लागते. हजार तास काम केल्यास लिस्टरचे ३ कोटी ९० लाख फेरे होतात. नव्याचे ९ कोटी. साहजिकच नव्यास स्वच्छ हवा, स्वच्छ तेल व वेळच्या वेळी देखभाल अधिक लागते. उलटपक्षी, ते हलके असते, थोड्या जागेत बसते, आणि जलद फिरणारा पंप त्यास थेट जोडता येतो. जुन्यास जड चाके, मजबूत पाया व बहुधा पट्टा लागतो. म्हणून वडिलांचे "टिकाऊ" आणि मुलांचे "सोयीचे" ही दोन्ही विशेषणे यथार्थ होत.

राहिला इंधनाचा प्रश्न, आणि कुटुंबाच्या खिशास तोच लागतो. लहान डिझेल इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची धुरावाटे व थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. हा हिस्सा कोणत्या इंजिनात अधिक, हे केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, फिरत्या पट्ट्यापासून व चाकापासून दूर राहून, पुढील प्रयोग करावा. एकच विहीर, एकच पंप, पाण्याची पातळी तीच आणि भरावयाचा हौदही तोच असावा. पंपाचे फेरे दोन्ही वेळी सारखे राहतील अशी जोडणी करावी. इंजिन पाव तास चालवून तापू द्यावे. मग हौद भरण्यास किती मिनिटे व किती डिझेल लागले ते मापाच्या भांड्याने मोजावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. एक लिटर डिझेलमध्ये ज्याने अधिक पाणी चढविले, ते इंजिन त्या कामापुरते सरस.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. वीस वर्षे झिजलेले, कड्या सैल झालेले इंजिन एका बाजूस आणि पेटीतून नुकतेच काढलेले दुसऱ्या बाजूस, ही तुलना न्यायाची नव्हे. तीत रचनेची परीक्षा होत नाही, देखभालीची होते. आधी जुन्याची दुरुस्ती करावी, मग मोजावे. कदाचित नव्याची गरजच उरणार नाही!

आज अनेक विहिरींवर विजेची मोटर बसली आहे. परंतु पाठ तोच राहतो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. जुने म्हणून पूजू नये, नवे म्हणून भुलू नये. दोहोंस एकाच मापाने मोजावे. शाळेत शिकलेले गणित घरच्या विहिरीवर उपयोगी पडावे, आणि त्यायोगे वडिलांचे चार पैसे वाचावे, याहून विद्येचे दुसरे चीज ते कोणते?