अन्नाची नासाडी टाळणारे अ‍ॅप : वरच्या वर्गांसाठी एक पाठ

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यापैकी ६० टक्के घराघरांतून. ही नासाडी कमी करणाऱ्या मोबाईल अ‍ॅपची आखणी मुलांकडून करवून घेता येते. त्यासाठी आरंभी मोबाईलची गरज नाही, वही पुरे.

पहिल्या आठवड्यात मुलांनी घरी तीन रकाने भरावेत : काय शिजले, किती उरले, उरलेल्याचे काय झाले. गुरांना घातलेली भाकरी व उकिरड्यावर गेलेला भात यांची नोंद वेगवेगळी असावी. वह्यांवर नावे घालू नयेत. ज्या घरी काही उरतच नाही, त्या घरच्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागली, तर पाठ फसला असे समजावे.

नंतर नोंदींतून कारण शोधावे. बाजाराला गेलेला माणूस जेवायला न आल्याने भात उरत असेल, तर अ‍ॅपने चूल पेटण्यापूर्वी ‘आज जेवायला किती जण?’ एवढेच विचारावे. अन्न उरल्यानंतरची सूचना उशिराची होय. मात्र विटलेले अन्न खाण्याचा सल्ला अ‍ॅपने कधीही देऊ नये.

शेवटी पुठ्ठ्यावर मोबाईलच्या पडद्याची चित्रे काढून ती घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दाखवावीत. समजावून सांगितल्यावाचून ती उमगली नाहीत, तर दोष आखणीचा मानावा आणि चित्रे पुन्हा काढावीत.