ड्रायर गेला की स्पिन?

पावसाळा लागला की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये दोऱ्या बांधल्या जातात, पंख्याखाली बनियन लटकतात आणि सकाळच्या बसने चाकणला इन-प्लांट ट्रेनिंगला जाणाऱ्याचा युनिफॉर्म नेमका ओला राहतो. मग एकच निदान ऐकू येतं, "ड्रायर गेला!" मित्रांनो, तो खरंच गेलाय का, हे मेकॅनिकला फोन करण्याआधी आपल्याला तपासता येतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या छोट्या टबाला आपण सर्रास 'ड्रायर' म्हणतो. तो कपडे वाळवत नाही, नुसते पिळतो. स्टाफ क्वार्टर्समध्ये आणि आजूबाजूच्या फ्लॅट्समध्ये आता दिसणारा वॉशर-ड्रायर वेगळा. तो आधी पिळतो आणि मग हीटर-पंख्याने गरम हवा फिरवून वाळवतो. पण वाळवण्यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ पिळण्यात असतं, आणि हे गणिताने दिसतं.

५ किलो सुती कपडे १४०० आरपीएमला पिळले की साधारण त्यांच्या निम्मं, म्हणजे अडीच किलो पाणी उरतं. ८०० आरपीएमला पाऊणपट, म्हणजे पावणेचार किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे ०.६७ युनिट वीज लागते. पहिल्या वेळी १.७ युनिट, दुसऱ्या वेळी २.५. हीटर १५०० वॅटचा धरला तर कमीत कमी वेळ सव्वा तासाच्या आतून थेट एक तास चाळीस मिनिटांवर जातो, आणि प्रत्यक्षात याहून जास्तच लागतो. हीटर ठणठणीत असूनही कपडे ओले!

म्हणून पहिलं हत्यार मल्टिमीटर नव्हे, वजनकाटा. बॅगा तोलायचा हुकवाला काटा चालेल. कपडे कोरडे असताना तोला, पिळल्यावर पुन्हा तोला. पाण्याचं वजन कोरड्या कपड्यांच्या अर्ध्या-पाऊणपट असेल तर स्पिन ठीक आहे. तेवढंच किंवा जास्त भरलं तर हीटरकडे बघूच नका.

स्पिन बिघडण्याची कारणं साधी असतात. फ्रंट लोडिंगमध्ये एकच जाड चादर टाकली की गोळा एका बाजूला जातो आणि मशीन स्वतःच वेग वाढवत नाही. ड्रेन फिल्टरमध्ये नाणं नाहीतर मोजा अडकला असेल तर पाणी निघत नाही, मग स्पिनही नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मोटर नुसती गुणगुणते आणि प्लग काढून हाताने टब मोकळा फिरतो, तर कपॅसिटरवर संशय घ्या. टब जड फिरत असेल आणि जळका वास येत असेल तर झाकणाला जोडलेली ब्रेकची वायर सैल होऊन ब्रेक घासत असतो. (कपॅसिटर प्लग काढल्यावरही शॉक देतो. डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नये.)

स्पिन पास झाला की मग गरम हवेकडे वळा. पण त्याआधी किती कपडे भरलेत ते बघा. मशीनवर ८ किलो लिहिलेलं असतं ते धुण्यासाठी. वाळवण्याची क्षमता बऱ्याचदा ५ किलोच्या आसपास असते आणि ती मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात सापडते.

आता आपल्या भागातली खरी गोम. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये वाफ थंड करायला नळाचं गार पाणी बारीक धारेने वापरतात. पाणी नाही तर वाफेचं पाणी होत नाही, आणि तीच दमट हवा आत फिरत राहते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. टाकी रिकामी होऊन मध्येच नळ कोरडा पडला तर धुणं उरकलेलं असतं, वाळवणं फसतं. वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण असते. टाकी नळापासून ३ मीटरच उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. धुताना मशीन सावकाश का होईना भरतं, पण ती बारीक धार मात्र अपुरी पडते.

अशा मशीनची परीक्षा सोपी आहे. वाळवणं सुरू होऊन अर्धा तास झाला की ड्रेन पाइपमधून थोड्या थोड्या वेळाने येणारं पाणी बघा. कोमट असेल तर उष्णता आणि पाणी दोन्ही काम करताहेत. गार असेल तर हीटर, त्याचा कटआउट किंवा पंखा. पाणीच येत नसेल तर नळ, इनलेटची जाळी, व्हॉल्व्ह किंवा पंप.

हीटर मोजायचा तर प्लग काढून, मशीन थंड झाल्यावर, आणि जाणकार सोबत असेल तरच. १५०० वॅटला सुमारे ३५ ओहम यायला हवेत. अनंत आले तर कॉइल तुटली. कॉइल ठीक आणि कटआउट उडालेला असेल तर नुसता नवा कटआउट बसवणं म्हणजे रोग सोडून तापाला गोळी. तो बहुधा हवा अडल्यामुळे उडालेला असतो आणि हवा अडवते कपड्यांची लव. ती डक्टमधून आणि पंख्याच्या पात्यांवरून काढावी लागते. याची टाळाटाळ नको. ब्रिटनमध्ये २०१५ साली व्हर्लपूलला लाखो टंबल ड्रायरची दुरुस्ती मोहीम काढावी लागली होती, कारण हीच लव हीटरवर पडून आग लागण्याचा धोका होता.

आणि हो, मशीनमधून काढलेले गरम कपडे हाताला दमट लागतात. दहा मिनिटं पसरून ठेवा, पुन्हा काट्यावर टाका, मगच तक्रार वहीत लिहा.