गोळी गिळल्यावर पुढे काय होते?

ताप आला की डब्यातील पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची, ही घरोघरची सवय आहे. अर्ध्या तासात अंग गार झाले नाही की काहीजण दुसरी गोळी घेतात. त्यात शेजाऱ्यांनी सुचविलेली सर्दीची गोळीही पोटात जाते. गोळीचा शरीरातील प्रवास समजून घेतला, तर ही घाई का टाळावी ते लक्षात येईल.

गिळलेली गोळी प्रथम जठरात जाते व तेथे विरघळू लागते. मात्र औषध रक्तात शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्यातून. भरपेट जेवणानंतर जठर लवकर रिकामे होत नाही, म्हणून गोळीचा गुणही उशिरा येतो. एरवी साधारण अर्ध्या ते एक तासात औषध रक्तात पुरेसे पोचते; पण ताप पुरता उतरण्यास दोन-तीन तासही लागू शकतात.

आतड्यातील रक्त आधी यकृतात जाते. पूर्वीच्या जकात नाक्याप्रमाणे येथे प्रत्येक मालाची तपासणी होते. काही औषधांचा बराचसा भाग येथेच निकामी होतो. छातीत कळ आल्यावर घ्यायची काही औषधे गिळण्याऐवजी जिभेखाली ठेवतात, ती यासाठीच. तेथून ती थेट रक्तात मिसळतात.

पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग मात्र यकृतातून पुढे जातो आणि रक्ताबरोबर मेंदूसह सर्व शरीरात पसरतो. रक्त पुन्हा पुन्हा यकृतात येते, तसतसे यकृत औषधाचे रूपांतर करते व मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातील या औषधाचे प्रमाण दर दोन-तीन तासांनी निम्मे होते. दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचे अंतर ठेवायचे ते याच कारणाने.

हे रूपांतर होताना थोडासा विषारी पदार्थही तयार होतो. यकृत त्याचा बंदोबस्त करते. पण त्यासाठी लागणारा साठा मर्यादित असतो. गोळ्या जास्त झाल्या की तो संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसा त्रास जाणवत नाही. कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी. यावर उतारा आहे, परंतु तो पहिल्या आठ तासांत मिळाल्यास सर्वांत गुणकारी ठरतो.

तेव्हा एवढे लक्षात ठेवावे :

१) प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या आठ गोळ्यांपेक्षा जास्त पॅरासिटामॉल कधीही घेऊ नये. यकृताचा विकार, मद्यपान किंवा अशक्तपणा असल्यास ही मर्यादा आणखी कमी असते. ती डॉक्टरांना विचारावी.

२) क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे वेगळी असली तरी औषध तेच. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही ते असते. पाकिटावरील घटक वाचून सर्वांची बेरीज करावी.

३) लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. पातळ औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे, घरातील चमच्याने नव्हे.

४) चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्यास त्रासाची वाट न पाहता पाकिटे घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर गोळ्या न वाढविता डॉक्टरांकडून तापाचे कारण शोधून घ्यावे.