ताण कुठे, दाब कुठे? कमानीच्या करवतीचा एक पाठ

इयत्ता : ५ वी ते ८ वी (१ ली ते ४ थी फक्त निरीक्षण)
विषय : कार्यानुभव, गणित, विज्ञान
वेळ : तीन तासिका



कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदकाम घेतो, मातीकाम घेतो, बी पेरायला लावतो. लाकूडकाम आलं की मात्र आपला हात आखडतो. कारण उघड आहे. हत्यार धारदार असतं, आणि मुलाला लागलं तर जबाबदारी कोणाची?

पण आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागाचा विचार करा. तळेघर, भीमाशंकरकडच्या वाड्या-वस्त्यांवर मूल पाचवीत येईपर्यंत घरातला कोयता त्याच्या ओळखीचा झालेला असतो. चुलीसाठी काटक्या मोडणं, राबासाठी फांद्या आणणं, कुंपणाला मेढी ठोकणं हे सगळं ते बघतं, थोडंफार करतंही. म्हणजे मुलांचा हत्याराशी संबंध आहेच. फक्त त्यामागचं 'का' त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते शाळेने सांगावं, एवढ्यासाठी हा पाठ.

हत्याराची ओळख

सुताराची करवत सगळ्यांना माहीत असते. रुंद पातं आणि मागे मूठ. कमानीची करवत वेगळी असते. लोखंडी नळी धनुष्यासारखी वाकवलेली असते आणि तिच्या दोन टोकांमध्ये अरुंद, पातळ पातं ताणून बसवलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात 'बो सॉ' म्हणून मागितली की मिळते. २१ इंच, २४ इंच, ३० इंच अशी मापं असतात. शाळेसाठी २१ किंवा २४ इंची पुरे. लोखंड कापायची हॅक्सॉ मुलांनी पाहिली असेल तर 'तिची मोठी बहीण' म्हणा, लगेच कळतं.

आता पहिला प्रश्न विचारा : पातं इतकं पातळ, मग वाकत का नाही?

उत्तर सांगू नका. एक सुतळी द्या. दोघांनी ती सैल धरायची आणि तिसऱ्याने बोटाने बाजूला ढकलायची. मग ताणून धरायची आणि पुन्हा ढकलायची. ताणलेली सुतळी सरळ राहायला बघते. पात्याचंही तसंच. सुताराची करवत रुंदी-जाडीमुळे सरळ राहते, तर ही ताणामुळे. पातळ असल्याने ती खाच अरुंद पाडते. भुसा कमी, मेहनतही कमी.

नंतर पातं एका डोळ्याने लांबीच्या दिशेने बघायला सांगा (कव्हर काढून, पातं टेबलावर स्थिर ठेवून, हात न लावता). दात एका रेषेत नसतात. एक डावीकडे कललेला, तर दुसरा उजवीकडे. त्यामुळे पडणारी खाच पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पातं आत अडकत नाही. काही पात्यांवर ठरावीक दातांनंतर एक वेगळ्या आकाराचा दात असतो. तो ओल्या लाकडाचा भुसा खाचेतून ओढून बाहेर काढतो. असं पातं ओल्या लाकडासाठी, आणि नुसत्या त्रिकोणी दातांचं सुक्यासाठी.

लाकूड कुठून आणायचं?

हे आधी ठरवा, कारण इथेच पाठाची नीती ठरते. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे फांद्या-फांद्यांवरूनच फिरतो आणि उंच झाडांवर घरटी बांधतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यातून शाळेसाठी एक काठीही आणायची नाही, पडलेलीसुद्धा नाही. खासगी जमिनीवरचं झाड असलं तरी हिरडा, साग, मोह यांसारखी झाडं तोडायला परवानगी लागते. १९६४ चा कायदा त्यासाठीच आहे. मुलांना हेही सांगा.

मग आणायचं काय? शाळेच्या आवारातल्या झाडाची वाऱ्याने पडलेली फांदी, पालकांच्या बांधावरची छाटलेली सुबाभूळ किंवा निलगिरी, मांडवाचे जुने वासे. मनगटाएवढ्या जाडीचे चार-पाच तुकडे पुरतात. जुन्या वाशात खिळा राहिलेला नाही ना, ते आधी तपासा. खिळ्यावर गेलेली करवत कामातून जाते.

तासिका १ : आधी लाकूड वाचायचं

या तासाला करवत कपाटातच राहील. एक मोठा खोडरबर किंवा स्पंजची जाड पट्टी घ्या. तिच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा मारा. आता पट्टी दोन वह्यांवर टेकवा आणि मधोमध बोटाने खाली दाबा. वरच्या बाजूच्या रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या लांब जातात. म्हणजे वर दाब आणि खाली ताण.

मग पट्टीचं एक टोक टेबलावर दाबून धरा, दुसरं हवेत मोकळं ठेवा आणि मोकळं टोक खाली दाबा. चित्र उलटं होतं. आता वर ताण आणि खाली दाब.

या दोन आकृत्या मुलांनी वहीत काढायच्या. आता विचारा : ओंडका दोन दगडांवर टेकवलाय. मधोमध वरून कापायला लागलो, तर खाच मिटेल की उघडेल?

वर दाब आहे, म्हणजे कापत जाऊ तशी खाच मिटत जाणार आणि पातं चिमटीत धरल्यासारखं अडकणार. तेच जर ओंडक्याचं एक टोक टेकूच्या बाहेर काढून टेकूजवळ कापलं, तर वर ताण आहे, खाच आपोआप उघडत जाईल आणि तुकडा खाली पडेल. गावात कोणाची करवत अडकली की माणूस जोर लावतो, पातं पिळवटतं, कधी तुटतं. त्याला ताकद कमी पडलेली नसते, टेकू चुकीच्या जागी असतो.

प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहून खाली सही करायची. सही महत्त्वाची, म्हणजे उद्या अंदाज बदलता येत नाही!

तासिका २ : प्रत्यक्ष कापणे

पूर्वतयारी : फुलीच्या आकाराच्या दोन चौकटी जोडून केलेली लाकडी घोडी (गावातले सुतारदादा जुन्या फळ्यांतून करून देतील), दोरी, खडू, सुतळी, मोजपट्टी, लाकूड धरणाऱ्या हातासाठी जाड हातमोजा, चष्मा आणि प्रथमोपचार पेटी. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढा. आत फक्त कापणारे आणि शिक्षक. बाकी सगळे बाहेर, पण काम सगळ्यांना आहे. कोणी ओढी मोजेल, कोणी वेळ बघेल, कोणी नोंद करेल.

कापण्याची रीत :

१. ओंडका घोडीत ठेवून दोरीने घट्ट बांधा. हलणारं लाकूड कापायचं नाही.
२. जिथे कापायचं तिथे खडूची रेघ मारा. रेघ टेकूच्या बाहेरच्या बाजूला, टेकूजवळ हवी.
३. दुसरा हात रेघेपासून किमान दोन वीत लांब.
४. सुरुवातीला करवत फक्त आपल्याकडे, हळू, दोन-तीनदा ओढा. नखाएवढी खाच पडली की पातं त्यात बसतं. करवत उडून हाताला लागते ती बहुतेक सुरुवातीलाच, म्हणून इथे घाई नको.
५. मग पुढे-मागे, पात्याची पूर्ण लांबी वापरून. खाली दाबू नका. करवतीचं वजन पुरतं.
६. शेवटच्या बोटभर जाडीला वेग कमी करा. तुकडा कुठे पडणार ते आधी बघा, पाय तिथे नको.

पाचवीच्या मुलांनी दोघांनी मिळून कापावं, दोन बाजूंना दोघं आणि शिक्षकांचा एक हात कमानीवर. नियम एकच : ओढायचं, ढकलायचं नाही. माझी ओढ संपली की तुझी सुरू. दोघांनी एकाच वेळी ओढलं तर करवत जागची हलत नाही, आणि ढकललं तर पातं वाकतं. जोडी जमवणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

आणखी एक. मुलींची पाळी मुलांइतकीच. सरपणाचा भारा डोक्यावर आणायचं काम आपल्याकडे बहुतेक मुली-बायांचं, आणि हत्यार आलं की ते मुलांच्या हातात जातं. वर्गात हे होऊ देऊ नका. हजेरीच्या क्रमाने पाळी द्या.

कापून झाल्यावर कालच्या सह्या उघडा. कोणाचा अंदाज बरोबर आला? खाच उघडली की मिटली? इथे शिक्षकाला 'बरोबर-चूक' म्हणावंच लागत नाही, लाकूडच उत्तर देतं. दोन टेकूंच्या मधली खाच कशी मिटते तेही एकदा शिक्षकांनी स्वतः अर्ध्यापर्यंत कापून दाखवा. पातं जड व्हायला लागलं की थांबा, ओंडका पलटा आणि खालच्या बाजूने काप पूर्ण करा. फार बोलावं लागत नाही.

तासिका ३ : गणित

सुतळीने लाकडाचा घेर मोजा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. ३१.४ सेंमी घेर असेल तर व्यास १० सेंमी. कापल्यावर पट्टीने ताळा करा.

आता खरा प्रश्न. ५ सेंमी व्यासाचं लाकूड कापायला समजा ३० ओढी लागल्या. त्याच झाडाचं १० सेंमीचं लाकूड कापायला किती लागतील? मुलं बहुतेक 'साठ' म्हणतात. मोजून बघू द्या. आकडा साठच्या बराच पुढे जातो. कारण करवत व्यास कापत नाही, पूर्ण गोल कापते. ५ सेंमीच्या गोलाचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौसेंमी, १० सेंमीच्या गोलाचं ७८.५ चौसेंमी. जाडी दुप्पट, पण काम चौपट. नेमकं चौपटच येईल असं नाही. कापणारा दमतो, मध्ये गाठ लागते, जाड लाकडात ओढही आखूड होते. (६० सेंमी पात्याने १० सेंमी लाकूड कापताना ओढ जास्तीत जास्त ५० सेंमीच मिळते.) चौपट का आलं नाही, यावर मुलांना लिहू द्या. आठवीच्या पुस्तकातलं वर्तुळाचं क्षेत्रफळ दंडात उतरलं की विसरत नाही.

लहान वर्गांसाठी : कापलेल्या चकतीवरची वलयं मोजणं, पॉलिश पेपरने घासणं, भुसा आणि कुऱ्हाडीची ढलपी यांची तुलना.

पालकांशी थोडं बोलायचंय

'घरी लाकडं, आणि शाळेतही लाकडंच का?' हा प्रश्न रास्त आहे. कष्टातून सुटावं म्हणूनच तुम्ही मुलांना शाळेत पाठवता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हाही शाळेचा कारखाना होईल अशी शंका घेतली गेली होती. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि काम करत शिकण्याची वाट खेड्यातल्या मुलांसाठी चालवून दाखवली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभार-माळी यांच्याकडे शिकण्याचे सांगितले आहेत. म्हणजे वाट नवीन नाही. पण तुमची शंका म्हणून खोटी ठरत नाही.

शिक्षण आणि राबवून घेणं यांत फरक कसा करायचा? मी एक साधी कसोटी ठेवते. प्रत्येक तुकड्याबरोबर एक नवा प्रश्न हवा. पाचवा तुकडा कापताना मुलाला विचारण्यासारखं काही उरलं नसेल, तर पाठ संपला. तिथून पुढे ती मजुरी, आणि तिथेच थांबायचं. शाळेच्या खिचडीचं सरपण मुलांकडून तोडून घ्यायचं नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. आमच्याकडून असं होताना दिसलं तर तुम्ही जाब विचारा.

आणि हा पाठ घरी उपयोगी कसा? बांधावरच्या झाडाची वाळकी किंवा अडचणीची फांदी काढताना बघा. फांदी खोडाजवळ वरून एकदम तोडली की वजनाने खाली जाताना सालीची लांब पट्टी ओरबाडून नेते. हिरड्यासारख्या, वर्षाला चार पैसे देणाऱ्या झाडाला ती जखम फार महाग पडते. त्याऐवजी तीन काप घ्या. पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी पडते, साल वाचते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढा, पण खोडाजवळची फुगीर कडा न दुखावता, कारण जखम भरून येते ती तिथूनच. वरून ताण आणि खालून दाब, हे तुमच्या मुलाला आता माहीत आहे. त्याला विचारून बघा, पहिला काप खालून का ते सांगेल. मात्र झाडावर चढून कापायचं काम मोठ्यांचंच.

हत्याराची निगा

काम झालं की ताण सैल करा. जुना पाण्याचा पाइप उभा चिरून पात्यावर चढवा, फुकटचं कव्हर होतं. चिकट डिंक रॉकेलच्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या पावसात पातं आठवड्यात गंजतं, म्हणून मशिनच्या तेलाचा हात फिरवून कपाटात कुलपात ठेवा. हल्लीच्या बऱ्याच पात्यांचे दात कडक केलेले असतात, त्यांना कानस लागत नाही. बोथट झालं की पातं बदला. बोथट करवतीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

मूल्यमापन

लेखी परीक्षा नको. तीन गोष्टी बघा :
• ओंडका समोर ठेवल्यावर मूल कापण्याआधी टेकू कुठे आहे ते बघतं का?
• खाच उघडेल की मिटेल, हे कारणासह सांगतं का?
• काम संपल्यावर न सांगता कव्हर चढवतं का?

तिन्हींना 'हो' असेल तर पुढच्या वेळी त्याला लहानांना शिकवायला उभं करा. वहीतल्या सह्या जपून ठेवा. पालकसभेत त्या दाखवल्या की 'लाकडंच का' या प्रश्नाचं उत्तर मुलंच देतील.