‘धरणात गेलेले गाव’ : कोयना प्रकल्पाचा इतिहास आणि मराठीचा शब्दव्यवहार

कोयना जलविद्युत प्रकल्पाचा इतिहास सामान्यतः दोन ठिकाणी वाचावयास मिळतो. एक अभियंत्यांच्या अहवालांत आणि दुसरा विस्थापितांच्या निवेदनांत. पहिल्यात उंची, साठा आणि मेगावॉट यांचे आकडे असतात. दुसऱ्यात सातबारा, गावठाण आणि दाखला यांची मागणी असते. या दोहोंखेरीज आणखी एक साधन अभ्यासकांपुढे आहे. धरणांच्या निमित्ताने मराठीत रूढ झालेले किंवा जुनेच असून नव्या अर्थाने वापरले जाऊ लागलेले शब्द, हे ते साधन होय. या शब्दांकडे पारिभाषिक संज्ञा म्हणून पाहिले जाते. त्यांच्यातून व्यक्त होणाऱ्या सामाजिक संबंधांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘धरणग्रस्त’ हा शब्द करुणेचा की हक्काचा, हा प्रस्तुत लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचा विचार कोयनेच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

(१) प्रकल्पाचा इतिहास

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आणि त्यापलीकडे कोकणात उतरणारा तीव्र कडा आहे. पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून बोगद्याने पश्चिमेकडे वळविले, तर ४०० मीटरांहून अधिक उंचीवरून ते खाली सोडता येते. प्रकल्पाची मूळ कल्पना या भौगोलिक वस्तुस्थितीवर उभी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाटा उद्योगसमूहाकडून या खोऱ्याची पाहणी झाली होती; परंतु ती योजना त्या वेळी प्रत्यक्षात आली नाही. स्वातंत्र्यानंतर शासनाने ती हाती घेतली. १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात आरंभ झालेल्या या प्रकल्पाची पहिली वीज १९६२ मध्ये, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर, मिळाली. एका नव्या राज्याच्या औद्योगिक आकांक्षेशी त्याचे नाव जोडले गेले ते यामुळेच.

पाटण तालुक्यात देशमुखवाडी येथे बांधलेले हे धरण सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०८ मीटर लांब आहे. मुळात ९८.७८ अब्ज घनफूट असलेली त्याची साठवणक्षमता पुढे १०५.२५ अब्ज घनफुटांपर्यंत वाढविण्यात आली. डोंगराच्या पोटात खोदलेल्या पोफळी येथील वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून अलोरे येथील वीजगृहासाठी वापरण्यात आले. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून बोगदा जलाशयास जोडण्यात आला. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट झाली. तथापि कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेणे हा आंतरराज्य वादाचाही विषय होता. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, धरणाच्या वरच्या भागात तडे गेले आणि पुढे धरणाचे मजबुतीकरण करावे लागले. जलाशयातील पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध या घटनेमुळे जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. कोयनेच्या खोऱ्यातील कित्येक कुटुंबे अशा रीतीने आधी ‘धरणग्रस्त’ आणि मग ‘भूकंपग्रस्त’ ठरली. दोन्ही शब्दांतील उत्तरपद एकच आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

(२) मुळशी : एक पूर्वसंदर्भ

धरणाला झालेल्या विरोधाची भाषा मराठीत प्रथम कोयनेत घडली नाही. १९२१ मध्ये पुणे जिल्ह्यात टाटांच्या मुळशी येथील धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. पां. म. बापट यांना लाभलेली ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याशी निगडित आहे. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. सत्याग्रह अयशस्वी झाला, धरण पूर्ण झाले. परंतु त्या शेतकऱ्यांना उद्देशून रूढ झालेले शब्द ‘मावळे’ आणि ‘सत्याग्रही’ हे होते. हे दोन्ही शब्द कर्तृवाचक आहेत. जमीन गमावणारा माणूस त्यांत कृती करणारा म्हणून उभा राहतो.

कोयनेच्या वेळी परिस्थिती पालटली होती. समोर परकी सत्ता नव्हती आणि खासगी कंपनीही नव्हती. स्वकीयांचे शासन होते. पंडित नेहरूंनी भाक्रा-नांगलसारख्या प्रकल्पांना नव्या युगातील मंदिरांची उपमा दिली होती. मंदिरासाठी जमीन देणाऱ्याने तक्रार करावयाची नसते. त्याने केलेला ‘त्याग’ मानला जातो. जमीन घेताना आधार मात्र १८९४ च्या, परकी सत्तेने केलेल्या, भूसंपादन कायद्याचाच होता. त्या कायद्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. गौरवाची भाषा नवी आणि व्यवहाराची भाषा जुनी, असा हा विसंवाद होता.

(३) शब्दांचा अर्थव्यवहार

धरणाचा प्रशासकीय नकाशा तीन शब्दांत सामावतो : ‘पाणलोट क्षेत्र’, ‘बुडीत क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’. यांपैकी ‘बुडीत’ हा शब्द मराठीत सावकारी व्यवहारातून परिचित आहे. जे वसूल होण्याची आशा उरलेली नाही, ते ‘बुडीत कर्ज’. भूमीला हे विशेषण लावताना तो अर्थ कोणाच्या मनात असेलच असे नाही. पण तो सोबत आल्यावाचून राहत नाही. ‘लाभक्षेत्र’ या शब्दाची कोयनेतील अडचण वेगळी आहे. सिंचनाच्या धरणाचे लाभक्षेत्र कालव्याखाली दिसते, मोजता येते. कोयनेचा मुख्य उद्देश वीजनिर्मिती हा असल्याने तिचा लाभ तारांवरून दूरच्या शहरांकडे आणि कारखान्यांकडे गेला. लाभ घेणारा कोण, हे बुडणाऱ्या गावाला दाखविता येईना. वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यास ‘अवजल’ म्हणतात. ज्या पाण्यासाठी गावे उठली, ते पाणी ऊर्जा काढून घेताच ‘अव’ या उपसर्गाचे धनी होते, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

जलाशयांच्या नामकरणाचा प्रकारही असाच आहे. कोयनेचा शिवाजीसागर, जायकवाडीचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर या नावांत महाराष्ट्राची अस्मिता आहे. पाण्याखालच्या गावांची नावे मात्र त्यांत नाहीत.

याउलट लोकांच्या बोलण्यातील प्रयोग ‘गाव धरणात गेले’ आणि ‘गाव उठले’ असे आहेत. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. गाव जणू आपण होऊन उठले आणि चालत पाण्यात गेले. उठविणाऱ्याचा उल्लेख वाक्यात येत नाही. ही भोळेपणाची खूण मानणे चुकीचे ठरेल. ज्याच्याविरुद्ध दाद कोठे मागावी हे ठाऊक नाही, अशा कर्त्याला वाक्यातून वगळणारी ती रचना आहे. कोयनेतील कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. अतिवृष्टीच्या खोऱ्यात भात, नाचणी आणि वरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सोलापूरच्या अवर्षणप्रवण मुलखात शेतीचे ज्ञानच नव्याने मिळवावे लागले. काही जण मुंबईत अंगमेहनतीच्या कामांकडे वळले. काही डोंगरावर सरकून खोऱ्यातच राहिले. त्यांच्या भोवती १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि स्थलांतराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

(४) ‘ग्रस्त’ : करुणेपासून हक्काकडे

‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’, ‘रोगग्रस्त’ या मालिकेत ‘धरणग्रस्त’ बसविला की, धरण ही नैसर्गिक आपत्ती ठरते आणि तिचा बळी साहाय्याचा, म्हणजेच दयेचा विषय होतो. पुरामागे निर्णय नसतो, धरणामागे असतो. हा भेद हे उत्तरपद पुसून टाकते. तथापि संस्कृत ‘ग्रस्’ या धातूचा अर्थ गिळणे असा आहे. ‘धरणग्रस्त’ म्हणजे धरणाने गिळलेला. व्युत्पत्तीने शब्दात जो कर्ता आहे, तो रूढीने झाकला आहे.

हा कर्ता पुन्हा उघड करण्याचे काम कोशकारांनी नव्हे, चळवळीने केले. सत्तरच्या दशकापासून धरणग्रस्तांच्या परिषदांनी हाच शब्द आपल्या संघटनेच्या नावात घेतला आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा दिली. या घोषणेत क्रियापद नाही. आहे तो केवळ क्रम. पण कामाचा क्रम ठरविण्याचा अधिकार सांगणे, हीच मोठी कृती होती. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, हे त्याचे सूत्र होते. लाभ आणि हानी यांचा हिशेब त्यात प्रथमच एका वहीत मांडला गेला. कोयनेच्या विस्थापितांपर्यंत हे सूत्र उशिरा पोहोचले. आणि कालव्याखालील लाभक्षेत्र हा ज्याचा पाया, ते सूत्र वीजप्रकल्पास लावणेही अवघड होते. पुढे ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द दाखल्यावर आला. वारसाने सांगावयाचा, नोकरीतील आरक्षणासाठी दाखवावयाचा तो पुरावा झाला.

या स्थित्यंतराची वाङ्मयीन नोंद विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीत आढळते. १९९२ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कार्यालयाची भाषा आणि उठलेल्या गावाची भाषा या कादंबरीत समोरासमोर येतात. शीर्षकाचा शब्द सरकारी तपासणीच्या व्यवहारातील. येथे मात्र झडती तपासणाऱ्या व्यवस्थेचीच घेतली जाते.

समारोप

‘धरण’ आणि ‘धरणे’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. मराठेशाहीच्या काळात सावकार ऋणकोच्या दारात बसून राही, त्यास धरणे धरणे म्हणत. आज धरणग्रस्त शासकीय कार्यालयासमोर धरणे धरतो, तेव्हा या जुन्या अर्थाचे स्मरण ठेवणे अभ्यासकाच्या हिताचे आहे. धरणे धरणारा याचक नसतो, तो धनको असतो. या दृष्टीने पाहिल्यास ‘बुडीत’ हा शब्दही वेगळा वाचावा लागतो : बुडाली ती केवळ जमीन नाही, ते समाजाने घेतलेले आणि अद्याप पुरते न फेडलेले ऋण आहे. कोयनेचा इतिहास लिहिताना १,९६० मेगावॉटचा आकडा जमेच्या बाजूस मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. मात्र त्याच पानावर नावेची दुसरी बाजू रिकामी राहिली, तर तो हिशेब अपुरा आहे, हे या शब्दांनी सांगून ठेवले आहे.