परवा म्हणजे कधी?

आम्ही नागोठण्यास शाळेवर असताना एक मावशी भिजलेली चिठ्ठी घेऊन आली. तिचा मुलगा मुंबईला कामाला होता. वाचता आले ते एवढेच : 'परवा पाचशे रुपये पाठवि'. पुढची अक्षरे पावसाने पुसली होती.

"गुरुजी, पैसे धाडले का धाडणार?" मावशीने विचारले. बियाण्याची उधारी होती. दुकानदाराला काय सांगावे, ते तिला ठरवायचे होते.

आम्हाला सांगता येईना. 'पाठविले' असेल तर पोस्टात चौकशी करायची. 'पाठविणार' असेल तर वाट पाहायची.

'परवा' हा शब्द मोठा लबाड. कालच्या आधीचा दिवस परवा, आणि उद्याच्या नंतरचा दिवसही परवाच! कोणता परवा, ते काम सांगणारा शब्द ठरवितो. त्याला क्रियापद म्हणतात. 'परवा आलो' म्हटले की दिवस मागे गेला. 'परवा येईन' म्हटले की दिवस अजून यायचा आहे. हिंदीत तर काल आणि उद्या, दोन्हींना 'कल' हा एकच शब्द आहे. तिथेही क्रियापदच पाहावे लागते.

'काल' आणि 'उद्या' हे सरळ शब्द. काल आलो, उद्या येईन. 'उद्या आलो' असे होत नाही. पण 'उद्या आलो, तर भेटू' हे बरोबर आहे. ही सारी त्या 'तर'ची करामत. 'आज' मात्र सगळ्यांशी जमवून घेतो : आज आलो, आज येतो, आज येईन.

इंग्रजी याबाबतीत फार कडक. आपण 'मी कालच आलो आहे' म्हणतो. मुले तेच शब्दाला शब्द लावून 'आय हॅव कम यस्टर्डे' लिहितात, आणि मास्तर तांबडी रेघ ओढतात. 'यस्टर्डे' म्हणजे काल. तो आला की 'आय केम' एवढेच चालते. मॅट्रिकच्या वर्गात आम्हीही ही रेघ खाल्ली आहे.

बोलताना आपण सूट घेतो. घरातून निघताना 'येतो' म्हणतो. कुणी हाक मारली की 'आलो, आलो!' म्हणतो, आणि पाय अजून उंबऱ्याच्या आतच! तेव्हा माणूस समोर असतो, म्हणून चालते. कागदावर चालत नाही.

आपल्या पेण-रोह्याकडची पुष्कळ माणसे पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. आधी उचल घेतात. समजा, कागदावर लिहिले आहे : 'आज २००० रुपये रोख मिळाले.' आणि देणारा म्हणतो, "सही कर, पैसे उद्या देतो." तिथे थांबा! तोंडात 'देतो' आहे, कागदात 'मिळाले' आहे. पुढे भांडण झाले तर कागद दाखवितात. पैसे मोजून हातात घ्या, मग सही करा.

मावशीच्या चिठ्ठीवर तारीखही नव्हती. परवा मोजायचा तो लिहिणाऱ्याच्या दिवसापासून. सोमवारी लिहिलेली 'परवा येईन' ही चिठ्ठी गुरुवारी पोचली, तर पाहुणा काल येऊन गेलेला असतो. म्हणून 'परवा' न लिहिता '१२ जूनला' असे लिहावे.

मावशीला आम्ही उत्तर लिहून दिले : 'पैसे अजून मिळाले नाहीत. कोणत्या तारखेला धाडले, की धाडणार आहेस, ते लिही.'

आता पाटीवर पुरे करा :

गेल्या सोमवारी मी रोह्यास ......
येत्या सोमवारी मी रोह्यास ......
दर सोमवारी मी रोह्यास ......

तिन्ही ठिकाणी एकच शब्द चालतो का, ते शेजाऱ्याला वाचून दाखवा.