दिसतं तितकं उथळ नसतं

मागच्या उन्हाळ्यात माझा सहा वर्षांचा मावसभाऊ आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आला होता. त्याला घेऊन मी पोहायच्या टँकवर गेले. "ताई, इथे माझ्या कमरेएवढंच पाणी आहे!" असं म्हणून त्याने काठावरून धाडकन उडी मारली. पाणी होतं ४ फूट आणि साहेबांची उंची पावणेचार! दोन गटांगळ्या खाल्ल्यावर मी त्याला ओढून वर काढलं. तो रडत होता आणि माझे हात थरथरत होते.

घरी आल्यावर आठवलं, शाळेत 'रिअल डेप्थ अपॉन अ‍ॅपरंट डेप्थ' घोकून मी मार्क मिळवले होते. पण काठावर उभी असताना ते सूत्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मित्रांनो, प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तर पाण्यात साधारण सव्वादोन लाख. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, १.३३. वेग बदलल्यामुळे तळाकडून तिरपे येणारे किरण पाण्याबाहेर पडताना वाकतात. हा वाकण्याचा नियम डच गणितज्ञ स्नेल यांनी १६२१ मध्ये शोधला. आपल्या डोळ्याला मात्र किरण वाकल्याचं कळत नाही. तो सरळ रेषेतच आला असं धरून चालतो आणि तळ वर उचलल्यासारखा दिसतो.

बरोबर वरून पाहिलं तर खोली पाऊणपट दिसते, म्हणजे ४ फुटांचे ३ फूट. तिरपं पाहिलं तर आणखी कमी. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून पाहिलं की गणिताने येतात जेमतेम २ फूट. म्हणजे 'कमरेएवढं' म्हणणारा आमचा छोटू खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं दिसत होतं!

पटत नसेल तर वाटीत एक नाणं ठेवा. ते कडेआड दिसेनासं होईपर्यंत मागे सरका आणि कुणाला तरी वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं जागचं हलत नाही, तरी पुन्हा दिसू लागतं.

गढूळ पाण्याला आपण घाबरतो, कारण तळ दिसत नाही. स्वच्छ पाणी तळ दाखवतं आणि तिथेच फसवतं. म्हणून भिंतीवर लिहिलेला खोलीचा आकडा आधी वाचा. आकडा नसेल तर उडी नको, आणि लहान मुलांच्या आधी मोठ्यांनी उतरायचं. सूत्र पाठ असलं तरी डोळा ऐकत नाही. मला तो तळ अजूनही वरच दिसतो!